हात आवरायचे दिवस

खपली दिसली की बोट तिकडे जातंच. शाळेत असताना कुणा ना कुणाचा गुडघा फुटलेला असायचा. फळ्यापाशी पानिपतची लढाई चाललेली असायची आणि बाकाखाली बोटांचा वेगळाच उद्योग. खपलीची कड जरा सुटलेली असली की तिथे नख टेकवायचं आणि श्वास रोखून ओढायचं. खाली गुलाबी कातडी निघाली तर बाजी मारली. रक्त आलं तर पुन्हा नवी खपली धरेपर्यंत थांबायचं. आयांनी ओरडायचं आणि पोरांनी काढायचीच, असा तो व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. जखम ठणकत असते तोवर माणूस तिला जपतो, फुंकर घालतो, कुणाचा धक्का लागू देत नाही. ती भरत आली, ठणका थांबून नुसती खाज उरली, की मात्र त्याचा धीर सुटतो. बरं होणं त्याला बघवत नाही, त्यात हात घालावासा वाटतो.

केस पांढरे झाल्यावर हे सगळं मला पुन्हा शिकावं लागलं, ते मुलाच्या डोक्यावर. आमच्या चिरंजिवांनी केशरोपण करून घेतलं.

हे वाक्य ऐकून लोक गालातल्या गालात हसतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते. आमच्या सासरच्या पुरुषांचं कपाळ पंचविशीतच वर चढायला लागतं. सासरे, दीर, आमचे हे, सगळे त्याच वाटेने गेलेले. टक्कल पडलं की पैसा येतो असं आपल्याकडे म्हणतात. आमचे हे त्या पैशाची अजून वाट बघताहेत. मुलाला एवढा दम नव्हता. लग्नाचं बघणं सुरू होतं. मुलीकडचे बोलायचे त्याच्याशी, पण त्यांची नजर जरा वर जायची. तो तक्रार करणाऱ्यातला नाही. फक्त एक दिवस घरातही टोपी घालून जेवायला बसला. ती टोपी पाहिल्यावर माझं हसू गेलं. त्यानंतर मी नाही म्हटलं नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते असं. डोक्याच्या मागच्या भागातले केस वडिलोपार्जित टकलाला सहसा दाद देत नाहीत. तिथून साधारण मिलिमीटरभर रुंदीच्या पोकळ सुईने एकेक मूळ काढायचं. एका मुळाच्या जुडीत एक ते चार केस असतात. मग पुढच्या भागात बारीक चिरा देऊन ही मुळं त्यांत बसवायची. मागून आणलेला केस पुढे लावला तरी तो आपला मागचा स्वभाव सोडत नाही, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेन्ट्राइच यांनी दाखवलं आणि १९५९ मध्ये लिहून प्रसिद्ध केलं. आजचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. पण त्यांच्याही आधी, १९३९ मध्ये, शोजी ओकुदा नावाच्या जपानी डॉक्टरांनी असंच काम करून त्यावर लिहिलं होतं. त्यांचे रुग्ण होते भाजून डोक्यावर व्रण उरलेले, भुवया गेलेले लोक. त्यांनी लिहिलं जपानीत, आणि तेवढ्यात महायुद्ध पेटलं. बाकीच्या जगापर्यंत ते पोचायला कित्येक वर्षं गेली. हे कळल्यावर मला बरं वाटलं. ज्या गोष्टीला मी नखरा समजत होते, तिची सुरुवात भाजलेल्या माणसांच्या भुवयांपासून झाली होती.

शस्त्रक्रिया दिवसभर चालली. जागा तेवढी बधिर करतात, माणूस जागाच असतो. संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा कपाळाच्या वर लाल ठिपक्यांची दाटी होती. सकाळपर्यंत प्रत्येक ठिपक्यावर एक बारीकशी खपली धरली होती आणि प्रत्येक खपलीतून कापलेल्या केसाचं टोक वर आलेलं होतं. त्याला पाठीला उशा लावून अर्धवट बसल्यासारखं झोपायचं होतं. मग कपाळ सुजलं, सूज हळूहळू डोळ्यांवर उतरली. ‘हे होतंच,’ असं कागदावर लिहून दिलेलं होतं, म्हणून आम्ही सगळे एकमेकांना ‘हे होतंच’ म्हणत होतो.

खपली हा शब्द आयुष्यभर वापरला, पण ती कशाची बनते हे मी कधी विचारलं नव्हतं. चिरेतून रक्त येतं, त्यातल्या बारीक पेशी एकमेकींना चिकटतात, फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे त्यांना बांधून ठेवतात, त्यात झिरपलेला द्रव वाळतो आणि झाकण तयार होतं. एरवी गुडघ्यावरच्या झाकणाखाली नुसती नवी कातडी येत असते. इथे खाली एक मूळ बसलेलं असतं आणि पहिले काही दिवस त्याला स्वतःची रक्तवाहिनीही नसते. आजूबाजूला झिरपेल त्या द्रवावर ते जगतं. मग सूक्ष्म रक्तवाहिन्या त्याच्याशी जुळायला लागतात. खपली केसाला चिकटलेली आणि केस मुळात रुतलेला, त्यामुळे नख लागतं खपलीला आणि ओढ बसते मुळाला.

हा धोका किती दिवस असतो, याची नीट पाहणी अमेरिकेतल्या बर्नस्टीन आणि रासमन या डॉक्टरांनी केली आणि २००६ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांनी रुग्णांच्या डोक्यावरचे लावलेले केस रोज थोडे थोडे ओढून पाहिले. पहिले दोन दिवस केस ओढला की मूळ हमखास बाहेर आलं. सहाव्या दिवसापासून नुसता केस ओढला तर मूळ जागचं हललं नाही. पण चिकटलेली खपली ओढली तर पाचव्या दिवसापर्यंत मूळ हमखास तिच्याबरोबर आलं, पुढे आठव्या दिवसापर्यंत येण्याची शक्यता कमी कमी होत गेली आणि नवव्या दिवसापासून मूळ निघालं नाही. म्हणजे खपली अंगाला धरून बसलेली असेल तर मुळावरचं संकट आणखी काही दिवस लांबतं. म्हणूनच डॉक्टर पहिल्या आठवड्यापासून डोकं हलक्या हाताने धुवायला सांगतात. खपली साचून टणक होऊ नये, भिजून भिजून मऊ राहावी आणि आपली वेळ झाली की सुटावी.

मुलगा म्हणाला, “आई, मला वरचं दिसत नाही. तूच धू.”

न्हाणीघरात प्लॅस्टिकच्या स्टुलावर तो बसला, गळ्याभोवती टॉवेल. आधी दवाखान्यातून दिलेला फेस हाताने न घासता नुसता डोक्यावर टेकवायचा आणि तसाच राहू द्यायचा. शॉवर चालत नाही, पाण्याची धार थेट पडता कामा नये. मी तांब्या टाळूच्या अगदी जवळ धरायची आणि मध्ये दुसरा तळहात आडवा, म्हणजे धार हातावर मोडून पाणी बोटांमधून खाली उतरायचं. मग बाळांचा शांपू तळहातावर फेसाळून टेकवायचा, टेकवायचा आणि उचलायचा. पुसायचं नाही, टिपायचं. लावलेल्या भागाला टॉवेलही नको, आपोआप वाळू द्यायचं.

बोटांना हे काम माहीत होतं, हे मला दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. तो काही आठवड्यांचा असताना याच डोक्याची टाळू मी खोबरेल तेलाने भरत असे. बोटाच्या टोकाखाली ती उडताना जाणवायची आणि हात आपोआप हलका व्हायचा. दाब द्यायचा, पण दाबायचं नाही. तेव्हा त्याच्या डोक्यावर पिवळट खवले धरले होते, बऱ्याच बाळांना धरतात. मी ते काढायला गेले तर सासूबाईंनी हात धरला. “तेलात भिजव. निघायचे तेव्हा निघतील. नख लावू नकोस.” आता मुलाच्या पदवीधर डॉक्टरांनी गुळगुळीत कागदावर इंग्रजीत छापून दिलेलं होतं तेही एवढंच.

दहाएक दिवस उलटले की बोटांच्या गाद्यांनी हलके हलके गोल फिरवायची परवानगी मिळते. त्या दिवशी खपल्या सुटायला लागल्या. ओल्या तळहातावर तपकिरी कण यायचे, मिलिमीटरभराचेही नाहीत. मी ते उजेडात धरून पाहिले. काही नुसते कण होते. काहींमधून मात्र एक आखूड केस आरपार गेलेला होता. मुलाने ते आरशात पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. “आई, केस आला त्यात!” डॉक्टरांना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, “रक्त आलं का?” नव्हतं आलं. “मग नुसती काडी निघाली आहे. मूळ आत आहे.” केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला तरी ते मूळ नसतं, असंही त्यांनी सांगितलं.

खपल्या गेल्यावर डोकं इतकं स्वच्छ दिसायला लागलं की घरात आनंदी आनंद झाला. गुलाबी कातडीवर बारीक केस ओळीने उभे. कपाळाला पुन्हा एक कड आली होती. टोपी खुंटीला गेली. मावशीला फोटो गेले, आत्याला फोटो गेले. आमच्या ह्यांनीही लपूनछपून दोनदा खर्च विचारून घेतला.

आणि मग ते केस गळायला लागले.

उशीच्या अभ्र्यावर, टॉवेलवर, शर्टाच्या कॉलरवर, ज्यांच्यासाठी एवढा पैसा ओतला, एवढं सोसलं, ते आखूड आखूड केस रोज सकाळी पडलेले. शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांत हे घडतं. लावलेल्यांतले बहुतेक केस जातात. हे त्याला आधी सांगितलं होतं, कागदावर त्याची सहीही होती. पण कागदावर वाचणं वेगळं आणि स्वतःच्या उशीवर बघणं वेगळं. तो पुन्हा गप्प झाला. टोपी खुंटीवरून परत डोक्यावर आली.

याचं कारण केसाच्या जगण्यातच आहे. डोक्यावरचा केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत वाढ आवरती घेतो, मग सुमारे तीन महिने विसावतो. त्या विसाव्याच्या शेवटी जुनी काडी गळते आणि त्याच मुळातून नवा केस निघतो. चांगल्या धडधाकट डोक्यावरूनही रोज ५० ते १०० केस गळतात. आपल्याला ते जाणवत नाही, कारण प्रत्येक मूळ आपापल्या वेळापत्रकाने चालतं. कुणी वाढतंय, कुणी विसावलंय. एका जागेवरून उपटून दुसरीकडे बसवलेल्या मुळांना मात्र एकदमच धक्का बसतो आणि ती सगळी मिळून विसाव्याला जातात. वरची काडी सोडून देतात. कधी कधी शेजारचे जुने केसही या धक्क्याने गळतात आणि माणूस आणखी घाबरतो. पण विसावा तीन महिन्यांचा, म्हणून नवे केस डोकं वर काढायला तिसरा-चौथा महिना उजाडतो.

हे समजून घेताना मला माझंच बाळंतपण आठवलं. हा पोटात होता तेव्हा माझी वेणी आयुष्यात नव्हती इतकी जाड झाली होती. तो तीन-चार महिन्यांचा झाला आणि कंगव्यात पुंजकेच्या पुंजके यायला लागले. मोरीची जाळी रोज तुंबायची. आईने सांगितलं, “बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात.” शास्त्र सांगतं की गरोदरपणातली संप्रेरकं केसांना वाढीतच धरून ठेवतात, बाळंतपणानंतर ती उतरली की राहिलेले सगळे एकदम विसाव्याला जातात आणि तीन महिन्यांनी गळतात. दोन्ही सांगण्यांत महिने तेच आहेत. आईने हिशोब बरोबर मांडला होता, कारण तेवढं गोड लावलं होतं.

त्याच दिवसांत बाळाच्याही डोक्यामागे केस गेले होते. घरात सगळ्यांनी राईच्या उशीला दोष दिला, कुणी माझ्या निजवण्याच्या पद्धतीला. बिचारी उशी. त्याचीही मागची मुळं एकदमच विसाव्याला गेलेली होती. म्हणजे एकदा आम्ही मायलेक एका घरात, एकाच वेळी गळत होतो आणि दोघांचंही काही बिघडलं नव्हतं. पुढे मामाच्या मांडीवर बसवून त्याचं जावळ काढलं, तेव्हा तर घरभर पेढे वाटले. टायफॉइडनंतर, कोरोनानंतर कितीकांचे केस असेच दोन-तीन महिन्यांनी गळाले आणि बहुतेकांचे परत आले. अंगावर संकट आलं की शरीर आधी वरचं सोडतं आणि मूळ राखतं.

आमचं गाव मुळशीकडचं, भाताचं. लावणी झाल्यावर पहिले काही दिवस खाचराकडे बघवत नाही. वाफ्यातून उपटताना मुळं तुटलेली असतात, रोपं पिवळी पडून मान टाकतात. नवख्याला वाटावं, सगळं गेलं. सासरे त्या दिवसांत बांधावरून फिरायचे ते हात पाठीमागे बांधून. एकदा मी नवी सून म्हणून रोप धरलं की नाही ते बघायला वाकले, तर म्हणाले, “ओढून बघशील तर धरायचं राहील.” मुलाच्या उशीचा अभ्रा झटकताना हे मी त्याला सांगितलं. तो हसला नाही, पण डोक्याकडे गेलेला हात खाली घेतला.

त्या रिकाम्या महिन्यांत मला आणखी एक डोकं आठवत राहिलं. माझ्या वडिलांची आजी. मी अगदी लहान होते. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट पदर. कोवळ्या वयात नवरा गेला आणि तेव्हापासून तिच्या डोक्यावर वस्तरा फिरत राहिला. मागच्या दाराने न्हावी यायचा, मुलांना आत पिटाळायचे. एका दुपारी ती झोपली असताना पदर सरकला आणि मी तिच्या डोक्याला हात लावला. तळव्याला पांढरे, टोचरे खुंट लागले. तेव्हा नुसती गंमत वाटली होती. आता वाटतं, न्हाव्याला पुन्हा पुन्हा का यावं लागत होतं? कारण मुळं ऐकत नव्हती. घरादाराने, शास्त्रपुराणांनी तिला केस नाकारले होते आणि तिच्या डोक्यातलं एकेक मूळ हयातभर केस वर पाठवतच होतं. वस्तरा दिसतं तेवढंच कापू शकतो. जिचे केस कापायला माणूस नेमला होता, तिच्याच खापरपणतूने केस लावायला लाखभराच्या वर रुपये मोजले. या दोन टोकांकडे पाहून मला कुणाची थट्टा करावीशी वाटत नाही. डोक्यावर काय असावं हे लोकांनी ठरवलं की माणसाला किती सोसावं लागतं, एवढं मात्र दोन्हीकडे दिसतं.

त्या महिन्यांत खरा त्रास डोक्याचा नव्हता, लोकांचा होता. “आले का?” हा प्रश्न जिन्यात भेटायचा, सोसायटीच्या फाटकापाशी भेटायचा, फोनवर भेटायचा. “आमच्या ओळखीत एकाने केलं होतं, काही उपयोग झाला नाही,” असं सांगणारे तर हमखास भेटायचे. मुलगा सकाळी हेल्मेट डोक्यावर घ्यायचा आणि कुणाशी न बोलता निघायचा. डॉक्टरांनी हेल्मेटची परवानगी दिली तेव्हा त्याला झालेला आनंद मी विसरणार नाही. पुण्यात हेल्मेट खुशीने घालणारा एवढा एकच माणूस मी पाहिला.

केस आले ते कुणाला न सांगता आले. पहिल्यांदा उन्हात तिरकं पाहिलं तर दिसावेत असे, पातळ, काही कुरळे, काही एकटेच. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, तेव्हा घाई करून काही साधत नाही. हळूहळू ते जाड झाले, सरळ झाले. पूर्ण रूप दिसायला वर्ष लागतं, टाळूकडच्या भागाला त्याहून जास्त.

त्यात जादू काही नाही. मागच्या भागातली मुळं मोजकीच असतात, ती काढली की तिथे परत उगवत नाहीत. लावलेले टिकले तरी आजूबाजूचे जुने केस आपल्या वाटेने जातच राहू शकतात, त्यासाठी वेगळी औषधं लागतात आणि तीही डॉक्टरांना विचारूनच घ्यायची. ज्याला विसाव्या वर्षीचं डोकं परत हवं असेल त्याची निराशा होईल. ज्याला टोपी खुंटीवर ठेवायची असेल त्याचं काम होतं. आमच्या मुलाचं झालं, एवढं मी सांगू शकते. आमचे हे मात्र अजून त्या पैशाचीच वाट बघताहेत.

तुमच्या घरात कुणी हे करून घेणार असेल तर किती केस लावणार हे विचारण्याआधी हत्यार कुणाच्या हातात असणार ते विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की केशरोपण हे त्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करायचं काम आहे, प्लॅस्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञाने. व्हिडिओ बघून ते शिकता येत नाही. घरी आल्यावर डोकं हलक्या हाताने धुवा, खपलीला नख लावू देऊ नका. रक्त, पू किंवा ताप आला तर शेजाऱ्यांना न विचारता डॉक्टरांना फोन करा. केस गळायला लागले तर तो घाबरेल, तुम्ही घाबरू नका. आणि निदान चार महिने त्याला “आले का?” असं विचारू नका. आले की दिसतातच.